अमेरिकेत होम लोन ओरिजिनेटरचा पे-प्लॅन: कोणत्या क्रमाने करायचा आणि कुठे चुकतो

न्यू जर्सी, डॅलस, बे एरिया, शिकागो, सगळीकडे आपली बरीच मंडळी आता मॉर्गेजच्या धंद्यात आहेत, कोणी बँकेत लोन ऑफिसर, कोणी स्वतःची छोटी ब्रोकरेज काढलेली, आणि पे-प्लॅनच्या, म्हणजे लोन आणणाऱ्या ओरिजिनेटरला पैसे कसे द्यायचे त्या हिशोबाच्या बाबतीत सगळे जवळपास सारख्याच चुका करतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय. नियम आहे रेग्युलेशन झी (कर्जाबद्दलची केंद्रीय नियमावली), कलम १०२६.३६. बघतं सीएफपीबी, म्हणजे ग्राहकांचं आर्थिक संरक्षण बघणारं केंद्र सरकारचं खातं. आजच्या स्वरूपात तो जानेवारी २०१४ पासून लागू आहे.

मुख्य घोळ क्रमाचा होतो. लोक आधी लोन आणतात, मग त्या लोनवर ओरिजिनेटरला किती द्यायचं ते ठरवतात. नियमाला हवंय बरोबर उलटं, पैसे कसे मिळणार हे आधी कागदावर, आणि मग येणाऱ्या प्रत्येक लोनला तोच हिशोब, कस्टमर कोणीही असो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या, मधली एखादी सोडून पुढे गेलात तर परत मागे यावं लागतं.

पायरी १: नियम कोणाला आणि कोणत्या लोनला लागतो ते आधी बघा

पैसे मिळतील या अपेक्षेने जो माणूस कस्टमरचा अर्ज घेतो, लोन सुचवतो, जुळवून देतो, रेट किंवा अटींवर बोलणी करतो, तो लोन ओरिजिनेटर. कार्डावर काय छापलंय ते बघायचं नाही, काम काय करतो ते बघायचं. नुसती कागदपत्रं गोळा करणारा, फाइल लावणारा प्रोसेसर यात येत नाही, पण तोच प्रोसेसर जर फोनवर कस्टमरला "हा ३० वर्षांचा घ्या, तुम्हाला हाच बरा पडेल" असं सांगायला लागला तर तो आत आला. ब्रोकरेजचा मालक स्वतः लोन करत असेल तर तोही ओरिजिनेटर, मालक आहे म्हणून सूट नाही. फक्त घरं दाखवणारा रिअल इस्टेट एजंट बाहेर, पण लायसन्स काढून लोनही करत असेल तर त्या कामापुरता आत.

लोनच्या बाजूने बघायचं तर राहत्या जागेवर तारण असलेलं, वैयक्तिक कारणासाठी घेतलेलं, ठरावीक मुदतीचं लोन. पहिलं मॉर्गेज असो, दुसरं असो, रीफायनान्स असो. होम इक्विटी लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे हेलॉक (घराच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज), यात येत नाही. टाइमशेअर पण नाही. पूर्णपणे भाड्यासाठी घेतलेलं घर बिझनेससाठीचं लोन समजलं जातं म्हणून तेही बाहेर.

सावधान: "इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी आहे" एवढं कस्टमर म्हणाला म्हणून लगेच बाहेर काढू नका. मालक पुढच्या वर्षभरात १४ दिवसांपेक्षा जास्त तिथे राहणार असेल तर ते घर नुसतं भाड्याचं असं धरता येत नाही. हा प्रश्न अर्जाच्या वेळीच विचारा आणि उत्तर फाइलमध्ये लिहून ठेवा.

पायरी २: काय काय "कमाई" म्हणून मोजलं जातं त्याची यादी करा

इथे लोक फक्त कमिशन बघतात. पण पगार, कमिशन, वार्षिक किंवा तिमाही बोनस, बक्षीस म्हणून दिलेली ट्रिप, वस्तू, सगळं यात येतं. वर्षाचा टॉप ओरिजिनेटर म्हणून भारताचं विमान तिकीट दिलंत तर ती कमाईच, आणि ती कशाच्या आधारावर दिली हे विचारलं जाणार.

ओरिजिनेटरच्या नावाने ठेवलेलं "खर्चाचं खातं" हा याच्यातला सगळ्यात मोठा खड्डा. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आरपीएम मॉर्गेजवर सीएफपीबीने नेमकी याच गोष्टीवरून कारवाई केली. जास्त रेटच्या लोनमधून आलेला फायदा ओरिजिनेटरच्या खर्चाच्या खात्यात जायचा आणि तिथून बोनस आणि जास्तीचं कमिशन निघायचं. कस्टमरना परत करायला १ कोटी ८० लाख डॉलर आणि वर २० लाख डॉलर दंड, त्यातला निम्मा दंड कंपनीच्या सीईओवर.

अप्रेझल (घराची किंमत तपासून घेणं), क्रेडिट रिपोर्ट यांसारखे जे पैसे तुमच्या हातातून पुढे तिसऱ्या पार्टीला जातात आणि रास्त आहेत ते कमाई नाहीत. त्यातले काही तुमच्याकडे राहिले तर मात्र तेवढी रक्कम मोजली जाऊ शकते.

तपासा: यादीत असं एखादं खातं, बक्षीस किंवा परतावा आहे का जो अमुक लोनवर जास्त आणि तमुक लोनवर कमी भरतो? असेल तर पुढे जाऊ नका, आधी ते बंद करा.

पायरी ३: पैसे कशावर द्यायचे तो पाया निवडा

मूळ नियम असा की लोनच्या अटींवर कमाई ठरता कामा नये. अट म्हणजे व्याजदर, एपीआर (फी धरून वर्षाचा दर), प्रीपेमेंट पेनल्टी (लवकर फेडल्याचा दंड), लोन टू व्हॅल्यू (घराच्या किमतीच्या किती टक्के लोन), लोनचा प्रकार, तारण कॉन्डो (इमारतीतला फ्लॅट) आहे की स्वतंत्र घर आहे, हे सगळं. एक मोठा अपवाद म्हणजे लोनची रक्कम. रकमेच्या ठरावीक टक्क्यावर कमिशन देता येतं, आणि त्याला डॉलरमध्ये कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी मर्यादाही घालता येते.

समजा प्लॅन आहे १ टक्का, कमीत कमी १,५०० डॉलर, जास्तीत जास्त ६,००० डॉलर. मग ४ लाखाच्या लोनवर ४,०००. १ लाखाच्या लोनवर टक्क्याने १,००० येतात पण किमान मर्यादेमुळे १,५००. ८ लाखाच्या लोनवर ६,००० आणि बस. हे चालतं.

हे चालत नाही: २ लाखापर्यंत २ टक्के, २ ते ५ लाख दीड टक्का, त्याच्या वर १ टक्का. लोन छोटं आहे, मेहनत तेवढीच आहे म्हणून जास्त टक्का, हा विचार समजण्यासारखा आहे पण टक्का लोनच्या साइजप्रमाणे बदलला की तो ठरावीक राहत नाही. छोट्या लोनची मेहनत भरून काढायची असेल तर किमान मर्यादा वाढवा, टक्क्याला हात लावू नका.

बाकी चालणारे पाये: प्रत्येक लोनमागे आधीच ठरलेली एक रक्कम, प्रत्यक्ष काम केलेल्या तासांचे पैसे, महिन्याचा किंवा तिमाहीचा एकूण व्हॉल्यूम, किती अर्जांपैकी किती लोन क्लोज झाली (शेवटच्या सह्या होऊन पूर्ण झाली), फाइलची क्वालिटी म्हणजे कागद पूर्ण आणि बरोबर होते का, दिलेली लोन पुढे नीट फेडली जातायत का, कस्टमर जुना आहे की नवा. छोट्या ब्रोकरेजला माझ्या मते रकमेचा टक्का अधिक मर्यादा हेच बरं, आणि त्याला फाइल क्वालिटीचा छोटा बोनस जोडा, कारण अर्धवट फाइलचा त्रास शेवटी सगळ्यांनाच होतो.

सावधान: कंपनीने दिलेला लीड (संभाव्य कस्टमर) आणि स्वतः आणलेला लीड यांना वेगळे दर ठेवणाऱ्यांनी हे जपा की लीड कुठून आला याची नोंद पहिल्या दिवशीच व्हायला हवी. क्लोजिंगच्या आठवड्यात "हा खरं तर कंपनीचा लीड होता" असं बदलून कमिशन कमी करणं म्हणजे मागच्या दाराने सूट देणं, आणि तपासणीत हे पहिल्यांदा बघतात.

पायरी ४: आडवाटेने अट येत नाही ना, ती टेस्ट लावा

वरवर निरुपद्रवी दिसणारा आधार सुद्धा अटीच्या जागी उभा राहतो. दोन प्रश्न विचारा. एक, हा आधार बऱ्याच लोनमध्ये सातत्याने एखाद्या अटीबरोबर बदलतो का? दोन, ओरिजिनेटरला तो आधार घालणं, काढणं, बदलणं शक्य आहे का, थेट किंवा आडून? दोन्हींचं उत्तर हो असेल तर चालणार नाही.

उदाहरण घ्या. कंपनी काही लोन स्वतःकडे ठेवते आणि काही विकते, आणि स्वतःकडे ठेवलेल्यांवर ओरिजिनेटरला जास्त देते. ठेवलेली सगळी ५ वर्षांच्या बलूनची (शेवटी मोठी रक्कम एकदम फेडायची) आणि विकलेली सगळी ३० वर्षांची फिक्स्ड असतील, आणि ओरिजिनेटर कस्टमरला इकडे किंवा तिकडे वळवू शकत असेल, तर दोन्ही उत्तरं हो. याउलट दोन राज्यांत वेगळे टक्के असतील तर घर कुठल्या राज्यात आहे हे ओरिजिनेटर बदलू शकत नाही, त्यामुळे तिथे दुसरं उत्तर नाही येतं.

एफएचएला (सरकारी विम्याच्या लोनला) वेगळा दर आणि कन्व्हेन्शनलला (असा सरकारी विमा नसलेल्याला) वेगळा, जम्बोला (ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या लोनला) वेगळा, राज्याच्या हाउसिंग फायनान्स एजन्सीच्या लोनला कमी, बाहेरच्या लेंडरकडे ब्रोकर केलेल्याला कमी आणि कंपनीच्या स्वतःच्या प्रॉडक्टला जास्त, हे सगळं अजूनही पे-प्लॅनमध्ये दिसतं. काढून टाका. "त्या लोनवर कंपनीला मार्जिनच कमी मिळतं" हे कारण खरं असलं तरी नियमात बसत नाही, तो फटका कंपनीने सोसायचा.

पायरी ५: पैसे कोणाकडून येणार ते सुरुवातीलाच ठरवा

ब्रोकरसाठी हे फार महत्त्वाचं. एका लोनवर पैसे एकतर कस्टमरकडून किंवा लेंडरकडून, दोन्हीकडून नाही. कस्टमरकडून थेट एक डॉलर जरी फी म्हणून घेतली तरी त्या लोनवर लेंडरकडून काही घेता येत नाही, आणि हे माहीत असताना लेंडरलाही देता येत नाही.

कस्टमरकडून फी घेणारी ब्रोकरेज स्वतःच्या ओरिजिनेटरला त्यातून कमिशन देऊ शकते, एवढी मोकळीक आहे, पण ते कमिशनही अटींवर ठरलेलं नको. वैयक्तिक ओरिजिनेटरचा हिस्सा दोन्ही प्रकारांत एकाच हिशोबाने ठेवा, हाच सेफ मार्ग.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. कस्टमर थोडा जास्त रेट घेतो आणि लेंडर त्याबद्दल क्रेडिट देतो, आणि त्या क्रेडिटमधून ब्रोकरचे पैसे भागवले जातात. ते पैसे कस्टमरने दिलेले धरले जात नाहीत, लेंडरने दिलेले धरले जातात. घर विकणारा किंवा बिल्डर मात्र कस्टमरबरोबरच्या कराराप्रमाणे ओरिजिनेटरचे पैसे भरत असेल तर ते कस्टमरकडून आले असं समजतात. म्हणून लोन एस्टिमेट (कस्टमरला द्यायचा खर्चाचा लेखी अंदाज) काढण्याआधी "पैसे कुठून" ही ओळ फाइलमध्ये लिहिलेली हवी.

पायरी ६: लोन चालू झालं की कमिशनला हात लावू नका

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात आणि चुकीच्या हेतूने चुकतात असंही नाही. ओळखीतलं कुटुंब असतं, महाराष्ट्र मंडळात भेटलेलं असतं, दुसरीकडून थोडा कमी कोट आलेला असतो, आणि काका म्हणतात, "अरे आपल्या माणसाला एवढं सोड ना." भारतात एजंटने स्वतःच्या कमिशनमधून थोडं सोडून द्यायचं याची सवय आपल्याला इतकी आहे की त्यात काही गैर आहे असं वाटतच नाही. पण इथे ओरिजिनेटरचं कमिशन एका ठरावीक लोनसाठी वाढवता येत नाही तसं कमीही करता येत नाही. कमी केलं तरी ते त्या लोनच्या अटींप्रमाणे बदललं असंच धरतात.

आणि यात विचार आहे. ओरिजिनेटरला कमी करायची मुभा दिली तर जो कस्टमर घासाघीस करतो त्याला स्वस्त आणि ज्याला बोलता येत नाही, नुकताच व्हिसावर आलाय, इंग्रजी कच्चं आहे, त्याला महाग, असं व्हायला वेळ लागत नाही. आपल्यातले कितीतरी जण अमेरिकेत पहिलं घर घेताना त्या दुसऱ्या रांगेत उभे होते.

आडून दिलेली सूटही तशीच. स्वतःच्या खिशातून अप्रेझलचे पैसे भरणं, क्लोजिंगनंतर चेक देणं, फाइलवर कमी कमिशनवाल्या सहकाऱ्याचं नाव टाकून काम स्वतः करणं, पुढच्या महिन्याच्या बोनसमधून ती रक्कम कापून घेणं. सगळं त्याच खात्यात.

मग काकांना काय सांगायचं? लेंडर किंवा कंपनी स्वतःच्या मार्जिनमधून रेट किंवा फी कमी करू शकते, फक्त ओरिजिनेटरला मिळणारी रक्कम तेवढीच राहिली पाहिजे. म्हणजे सवलत मागायची तर वर मॅनेजरकडे मागा, कोणी मंजूर केली आणि का केली हे लिहा, आणि तुमचं कमिशन प्लॅनप्रमाणेच पूर्ण घ्या.

एकच अपवाद आहे आणि तो अरुंद आहे. कस्टमरला आधी सांगितलेल्या अंदाजापेक्षा सेटलमेंटचा (क्लोजिंगच्या वेळचा) खर्च अचानक वाढला, आणि अंदाज देताना हातातल्या माहितीप्रमाणे तो बरोबर होता, तर ती वाढ भरून काढायला ओरिजिनेटर आपलं कमिशन कमी करू शकतो. उदाहरणार्थ टायटलमध्ये (घराच्या मालकी हक्कात) अनपेक्षित अडचण निघाली, क्लोजिंग आठवडाभर पुढे गेलं, रेट लॉक (ठरलेला दर टिकून राहण्याची मुदत) संपला, तर एक्स्टेन्शनची फी अशी देता येते. पण तोच खर्च तुमच्या आधीच्या लोनमध्ये पण अंदाजापेक्षा जास्त आला होता आणि तुम्हाला ते माहीत होतं, किंवा असायला हवं होतं, तर तो अचानक नाही. एकाच काउंटीचा ट्रान्सफर टॅक्स (घर नावावर करतानाचा कर) दर वेळी कमी दाखवायचा आणि दर वेळी "अनपेक्षित" म्हणून कमिशनमधून भरायचा, हे चालणार नाही, अंदाज दुरुस्त करा.

तपासा: कमिशन कमी केलेल्या प्रत्येक फाइलमध्ये मूळ अंदाज, प्रत्यक्ष खर्च, फरकाचं कारण आणि ते कधी कळलं याची तारीख, या चार गोष्टी आहेत का?

पायरी ७: कस्टमरला पर्याय दाखवा, आणि दाखवले हे सिद्ध करा

जास्त पैसे मिळतात म्हणून कस्टमरला एखाद्या लोनकडे वळवणं मना आहे, ते लोन त्याच्या हिताचं असेल तरच गोष्ट वेगळी. ब्रोकरला हे जास्त लागू पडतं कारण वेगवेगळे लेंडर त्याला वेगवेगळं कॉम्पेन्सेशन देत असतात. संरक्षण हवं असेल तर असं करा.

ज्यांच्याबरोबर नेहमी काम करता अशा तीन किंवा जास्त लेंडरकडून पर्याय घ्या, तीनपेक्षा कमीच लेंडर असतील तर सगळ्यांकडून. कस्टमरला फिक्स्ड आणि अ‍ॅडजस्टेबल दोन्हीत रस असेल तर प्रत्येक प्रकारासाठी तीन गोष्टी दाखवा: सगळ्यात कमी व्याजदराचं लोन, जोखमीच्या अटी नसलेल्यांतलं सगळ्यात कमी दराचं लोन, आणि पॉइंट्स (दर कमी करायला आधीच भरायचे पैसे) व ओरिजिनेशन फी मिळून सगळ्यात कमी डॉलर लागणारं लोन. जोखमीच्या अटी म्हणजे निगेटिव्ह अ‍ॅमॉर्टायझेशन (हप्ता भरूनही कर्ज वाढत जाणं), प्रीपेमेंट पेनल्टी, फक्त व्याजाचे हप्ते, पहिल्या ७ वर्षांतला बलून वगैरे. कस्टमर ज्याला पात्र ठरेल असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटतं तेच पर्याय ठेवा. दहा पर्यायांची शीट पाठवली तर त्यात हे तीन कुठले ते ठळक करून द्या, नाहीतर दाखवल्याचा उपयोग नाही.

सावधान: घर दाखवणाऱ्या एजंट मित्राने कस्टमर पाठवला म्हणून त्याला रेफरल फी द्यायची नाही. तो वेगळा कायदा, रेस्पा (घर खरेदीच्या व्यवहाराचा केंद्रीय कायदा) कलम ८, पण पे-प्लॅनमध्ये लोक हे सर्रास घुसवतात.

पायरी ८: फायद्यावरचा बोनस वेगळा मोजा

स्वतःच्या व्हॉल्यूमवरचा बोनस पायरी ३ मध्येच झाला. कंपनीच्या मॉर्गेज धंद्याच्या नफ्यातून बोनस द्यायचा असेल तर तो त्या माणसाच्या लोनच्या अटींवर ठरलेला नको, आणि वर दोनपैकी एक गोष्ट हवी: बोनस त्या काळातल्या त्याच्या एकूण कमाईच्या १० टक्क्यांच्या आत, किंवा मागच्या १२ महिन्यांत त्याची १० किंवा कमी लोन क्लोज झालेली. दुसरा मार्ग मुख्यतः मॅनेजर लोकांना उपयोगी, जे अधूनमधून एखादं लोन करतात. "एकूण" मध्ये काय धरायचं ते वर्षाच्या सुरुवातीलाच अकाउंटंटकडून लिहून घ्या.

पायरी ९: करार, बदल आणि रेकॉर्ड

आता हे सगळं एका लेखी करारात. पाया, टक्का, मर्यादा, लीडचे नियम, बोनस, नोकरी सोडली तर अर्धवट लोनचे पैसे कसे मिळणार, आणि लागू होण्याची तारीख. सही करण्याआधी मॉर्गेज कंप्लायन्स करणाऱ्या वकिलाला दाखवा, राज्यांचे नियम वेगळे असतात.

बदल करता येतो, पण पुढच्यासाठी. व्हॉल्यूम बघितला, मार्केट बघितलं आणि १ जुलैपासून लोनमागे ३,००० चे ३,२५० केले, चालेल. एका लोनसाठी मंगळवारी बदलला आणि शुक्रवारी परत पहिल्यासारखा केला, नाही चालणार. दर थोड्या दिवसांनी बदलत राहिलात तरी तो प्रत्येक लोनप्रमाणे बदलल्यासारखाच दिसतो.

ओरिजिनेटरचं नाव आणि एनएमएलएस नंबर (त्याचा देशभरातला नोंदणी क्रमांक) अर्ज, नोट (कर्ज फेडण्याचं वचनपत्र) आणि तारणाच्या कागदावर हवाच, म्हणजे कोणाला कोणत्या लोनचे पैसे गेले हे जुळवता येतं. युटाच्या कॅसल अँड कुक मॉर्गेजच्या २०१३ च्या प्रकरणात महाग लोनवर जास्त भरणारा तिमाही बोनस होता, आणि तो लेखी करारात नव्हताच, कुठल्या लोनचा किती हिस्सा याची नोंद पण नव्हती. ९२ लाख डॉलर कस्टमरना आणि ४० लाख डॉलर दंड.

दिलेल्या आणि घेतलेल्या प्रत्येक रकमेचा पुरावा आणि त्या वेळी लागू असलेला करार ३ वर्षं ठेवायचा. नवीन करार आला की जुना डिलीट करू नका, त्या काळातल्या लोनला तोच लागतो. आणि ही ३ वर्षं पैसे दिले किंवा मिळाले त्या तारखेपासून मोजतात, क्लोजिंगपासून नाही, त्यामुळे मार्चमध्ये क्लोज झालेल्या लोनचा बोनस पुढच्या जानेवारीत दिला असेल तर त्या बोनसचं घड्याळ जानेवारीत सुरू होतं.